मूसच्या शिकारीआधीची पायपीट

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या वाड्यातल्या तसबिरी येतात. मेलेल्या वाघाशेजारी बंदूक टेकून उभे असलेले कुणी सरदार आणि मागे हाकारे घालणारी माणसं. निदान आम्हा कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढे तरी हेच येतं. आमचं दाजीपूर एके काळी महाराजांचं शिकारीचं रान होतं. 1958 साली ते गव्यांचं अभयारण्य झालं, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर शिकार हा विषय आपल्या घरांतून हद्दपारच झाला. म्हणूनच ताईच्या शेजारणीनं, "मला यंदा मूसचा परवाना लागला!" असं मंगळसूत्र सापडल्याच्या आनंदात सांगितलं, तेव्हा मी चाट पडले. शेजारीण त्रेसष्ट वर्षांची, केस पांढरेशुभ्र, एका गुडघ्याला पट्टा!

ताई अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावी असते. गेल्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं तेव्हा शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मी दोन महिने तिच्या मदतीला गेले होते. शेजारणीला तिथे सगळे नावानंच हाक मारतात. माझी जीभ काही वळेना, मी आपलं 'काकू' म्हणू लागले. त्यांनाही ते आवडलं.

मूस म्हणजे सोनाराची मूस नव्हे बरं का! हरणाच्या कुळातला हा सगळ्यात मोठा प्राणी. नर खांद्यापाशीच माणसाएवढा उंच, वजन चारशे किलोच्या घरात, शिंगं परातीसारखी पसरट, गळ्याखाली लोंबती पिशवी आणि नाक असं लांबुडकं की देवानं हा घाईत घडवला असावा. कोलोरॅडोत पूर्वी हे जनावर क्वचित भटकत यायचं. 1978 साली सरकारनं बाहेरून बारा मूस आणून नॉर्थ पार्क नावाच्या उंच खोऱ्यात सोडले, पुढच्या वर्षी आणखी बारा. त्यांची प्रजा वाढून आता राज्यात तीन हजारांच्या आसपास मूस आहेत.

त्यामुळे परवाने मोजकेच, आणि तेही सोडतीनं. दरवर्षी अर्ज करायचा, नंबर लागला नाही की एक गुण जमा होतो. तीन गुण साठल्याशिवाय तर खरी दाळ शिजतच नाही. एकदा शिंगवाला नर मारला की पुन्हा जन्मात नराचा परवाना नाही. काकू आणि त्यांचे यजमान दोघंही सतरा वर्षं अर्ज करत होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. "त्यांचा नंबर लागलाच नाही," काकू एवढंच म्हणाल्या आणि नकाशा उलगडू लागल्या.

बंदुकीचा हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. काकूंची तयारी मे महिन्यापासूनच सुरू होती. रोज सकाळी पाठीवरच्या पिशवीत वाळूचं पोतं घालून त्या टेकडी चढायच्या. सुरुवात पाच किलोंपासून, मी गेले तेव्हा पंधरापर्यंत मजल गेली होती. शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर सराव. ताईच्या खिडकीतून हे सगळं बघताना मला आपल्याकडच्या लग्नघराची आठवण व्हायची. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर याद्या, एकेक वस्तू आली की त्यावर रेघ. तीन सुऱ्या आणि धार लावायचा दगड, दोरखंड, सुती कापडाच्या मोठ्या पिशव्या. या पिशव्या मांसासाठी. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नाही, कारण त्यात मांस घामेजतं आणि आंबतं. मूसचं कातडं जाड, केस दाट, त्यामुळे मेल्यावरही अंगातली ऊब तासन्‌तास निघत नाही. कातडं लगेच सोलून, चार फऱ्या वेगळ्या करून वाऱ्याला टांगल्या नाहीत तर आत हाडाशी मांस बिघडतं. हे ऐकताना मला थोडं मळमळलं खरं, पण सांगणारी बाई लोणचं का बुरसतं हे समजावून सांगावं तशी सांगत होती.

यादीत एक झगझगीत नारिंगी जाकीटही होतं. तिथं कायद्यानं बंदूकवाल्या शिकाऱ्याला कमरेच्या वर 500 चौरस इंच नारिंगी रंग अंगावर घालावा लागतो, शिवाय टोपी, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये. 2016 पासून झगझगीत गुलाबीही चालतो, बायकांना आवडेल म्हणून! काकूंनी मात्र यजमानांचं नारिंगी जाकीटच बाह्या आखूड करून घेतलं होतं.

ऑगस्टच्या मध्याला जागा हेरायला जायचं ठरलं. ताईला जरा बरं वाटत होतं, दाजींना फोटोंची हौस, म्हणून त्यांच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. पूडर नदीच्या अरुंद घळीतून वर वर चढत 10,276 फुटांवरचा कॅमेरॉन पास ओलांडला की पलीकडे नॉर्थ पार्कचं खोरं उघडतं. चारही बाजूंना डोंगर, मध्ये गवताळ माळ आणि वॉल्डन नावाचं चिमुकलं गाव, तेच मुळी 8,000 फुटांवर. पहिल्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं. पाणी 92 अंशांलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात भात काही धड शिजेना. ताईनं बळेबळे गाडीत टाकलेला छोटा कुकर तिथं देवासारखा उपयोगी पडला.

रोज पहाटे उठून, उजाडायच्या आत एखाद्या उतारावर जाऊन बसायचं आणि दुर्बिणीतून खालची झुडपं न्याहाळायची. विलो नावाचं झुडूप ओढ्याकाठच्या दलदलीत माजतं, तेच मूसचं मुख्य खाणं. मान भरून येते, थंडीनं बोटं आखडतात आणि तासभर काहीच हलत नाही. मग ज्याला आपण काळा खडक समजत होतो तो मान वर करतो!

खाली उतरल्यावर खुणा बघायच्या. शेंडे खुडलेल्या फांद्या, चिखलात हाताच्या पंजाएवढे दुभंगलेले खूर, सुपारीएवढ्या लेंड्या. ऑगस्टअखेरीला नराच्या शिंगांवरची मखमल सुटू लागते, मग तो झाडांवर शिंगं घासतो, साली निघतात. काकूंच्या खिशात टाल्कम पावडरची डबी होती. मला वाटलं, बायकांची हौस! पण त्या चिमूटभर हवेत उडवून वारा कुठला ते पाहायच्या. पहाटे वारा डोंगरावरून खाली येतो, उन्हं तापली की उलटा वर चढतो. मूसची नजर बेताची, पण नाक आणि कान तिखट. दुपारी विजांची वादळं येतात, म्हणून बारापूर्वी उघड्या माथ्यावरून उतरायचं, हा दंडक.

तिसऱ्या दिवशी तो दिसला. दलदलीच्या पल्याड, एका तळ्यात गुडघाभर पाण्यात, मखमली शिंगांचा एवढा मोठा मुकुट. दाजी तर कॅमेरा विसरून बघत राहिले. मीही म्हटलं, "काकू, हाच!" त्या बराच वेळ दुर्बीण लावून होत्या. मग त्यांनी वहीत हिशेब मांडला. मांस दीडशे किलो, वर हाडांचं वजन. एका खेपेला त्या पंधरा-वीस किलो उचलणार, मुलगा पस्तीस. तो फक्त चार दिवसांच्या रजेवर यायचा होता. रस्ता दोन मैल लांब आणि मध्ये कमरेइतका चिखल. आणि पाण्यात पडला तर एवढं धूड बाहेर ओढणार कोण? तिथल्या कायद्यानं खाण्याजोगं मांस रानात टाकून देता येत नाही, आणि काकूंच्या मते कायदा नसता तरी देता आलं नसतं. त्यांनी त्या तळ्यावर काट मारली.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही नर सोडून माद्या शोधल्या. हे मला नवीनच होतं. ऑगस्टात दिसलेला नर ऑक्टोबरात तिथं असेलच असं नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून माजाचा काळ, तेव्हा तो मैलोन्‌मैल चालत माद्यांकडे येतो. माद्या मात्र ठरल्या ओढ्याला धरून राहतात. शेवटी लाकूडतोडीच्या एका जुन्या वाटेपासून अर्ध्या मैलावर कोरड्या काठाचा ओढा सापडला, तिथं दोन माद्या, एकीजवळ वासरू. वासराच्या आईनं कान मागं पाडले आणि मानेवरचे केस उभे केले, तसं काकूंनी माझा दंड धरून मला झाडामागे ओढलं. ती कुत्र्यांवर तर फारच चिडते म्हणे, लांडग्याची जात म्हणून.

रात्री शेकोटीपाशी मी मनातलं विचारलंच. एवढं देखणं जनावर, मारवतं कसं? काकू म्हणाल्या, "तुम्ही मटण खाता ना?" खाते. आमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा होतोच, आणि खाटकाच्या दुकानात मी पाठ करून उभी राहते. तरी मला ते पूर्ण पटलं नाही, अजूनही नाही. पोटासाठी त्यांचं काही अडलेलं नव्हतं. पण ज्या जनावरासाठी त्या पाच महिने वाळू वाहत होत्या त्याच्याबद्दल त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती होती आणि जास्त काळजीही, हेही दिसत होतं. परवान्यांच्या पैशांतून तिथं वन्यजीव खात्याचा खर्च चालतो. बंदुका-काडतुसांवर कर आहे, 1937 च्या कायद्यापासून तोही याच कामी लागतो.

मी सप्टेंबरात परत आले. ऑक्टोबरात ताईचा फोन आला. पहिले पाच दिवस काकू रिकाम्या हातानं बसून होत्या, मुलाच्या रजेचा एकच दिवस उरला होता. सहाव्या सकाळी त्याच ओढ्याकाठी मादीच्या मागोमाग एक मध्यम शिंगांचा नर आला. एकाच गोळीत काम झालं. संध्याकाळपर्यंत मायलेकांच्या मिळून सात खेपा, शेवटची बत्तीच्या उजेडात. काकूंचा गुडघा सुजला, पण किलोभरही मांस मागं राहिलं नाही.

तिथल्या हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग आहे, 2005 साली तो मूसमध्येही सापडला. म्हणून नमुना तपासायला देऊन, तारखा घातलेली पुडकी काकूंनी फ्रीजरमध्ये तशीच ठेवली. अहवाल चांगला आल्यावर दोन किलोंचं पुडकं ताईकडे आलं, आणि ताईनं मला रात्री अकराला उठवून विचारलं, याचा रस्सा कसा करू? म्हटलं, या मांसाला चरबी नाही, तेव्हा तेल सैल हातानं घाल, आलं-लसूण लावून रात्रभर दह्यात ठेव, आणि कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त दे.