दुपटीच्या वरचं थोडंसं

पुण्यातल्या एका कंपनीत आमच्याकडे कॅसांड्रा डेटाबेसचं 6 नोडचं क्लस्टर होतं. प्रत्येक नोंदीच्या 3 प्रती, वाचन-लेखन दोन्ही क्वोरमवर. वापरणाऱ्यांची पानं मधूनच अडकत होती, म्हणून मॅनेजरांनी सगळ्या नोडचे आकडे एका शीटमध्ये मांडले. ॲपच्या लॉगपेक्षा लेखनं जवळपास तिप्पट, वाचनं दुपटीहून थोडी जास्त! ॲप एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहितंय, असा ठपका डेव्हलपर मुलांवर आला आणि सोबत नव्या नोडची मागणीही निघाली.

तिप्पट लेखनात मला काहीच वावगं दिसत नव्हतं. शीटमधले आकडे नोडटूल टेबलस्टॅट्स या कमांडचे होते, आणि तिच्यातला 'लोकल' आकडा त्या नोडने स्वतः केलेलं काम मोजतो. ॲपची विनंती ज्या नोडकडे येते तो तिचा कोऑर्डिनेटर, आणि लेखन तो तिन्ही प्रतींकडे पाठवतो. क्वोरममुळे तो दोघांच्या होकारावर थांबतो इतकंच, लिहायचं तिघांनीही असतं. वाचताना मात्र तो दोनच प्रतींना विचारतो: एकीकडून पूर्ण डेटा, दुसरीकडून पडताळणीपुरता डायजेस्ट. दोन्हीकडे वाचन मोजलं जातं.

नुसतं सांगून हे कुणाला पटेना. मग टेस्ट क्लस्टरवर नवं टेबल करून 1000 ओळी लिहिल्या. लोकल लेखनांची बेरीज 3000 आली आणि मुलांवरचा ठपका तिथेच पुसला गेला. (शीटमध्ये एक नोड फारच रिकामा दिसत होता. तो नुकताच रीस्टार्ट झाला होता. हे आकडे प्रोसेस सुरू झाल्यापासूनचे असतात.)

माझं लक्ष वाचनातल्या दुपटीच्या वरच्या थोडक्या भागावर खिळलं होतं. एखादी प्रत उत्तर द्यायला रेंगाळली की कोऑर्डिनेटर आणखी एकीला विचारतो. याला स्पेक्युलेटिव्ह रिट्राय म्हणतात. म्हणजे कुठलातरी नोड रेंगाळत असावा. पण टेबलस्टॅट्समध्ये सगळीकडे वाचनाची सरासरी लेटन्सी एका मिलिसेकंदाच्या आतच होती. तो काळ फक्त नोडच्या आतल्या वाचनाचा. नेटवर्कवरचा प्रवास आणि दुसऱ्यांची वाट पाहणं त्यात येत नाही. शिवाय सरासरी फसवते: 99 विनंत्या 2 मिलिसेकंदांत आणि एक 800 मध्ये उरकली, तरी सरासरी 10 च्या आसपासच दिसते.

म्हणून प्रत्येक नोडवर नोडटूल प्रॉक्सीहिस्टोग्राम्स चालवलं. तिथे कोऑर्डिनेटरला लागलेला पूर्ण वेळ दिसतो. एकाच नोडचा 99 वा पर्सेंटाइल इतरांच्या कितीतरी वर होता. त्याच्या लॉगमध्ये गार्बेज कलेक्शनचे, म्हणजे मेमरी साफ करण्याचे, लांब पॉज सापडले. त्याची हीप सेटिंग बाकीच्या नोडपेक्षा वेगळी राहिली होती. ती सारखी केल्यावर पानं अडकायची थांबली, वाचनाचं गुणोत्तर दोनाजवळ आलं. लेखनं तिप्पटच राहिली, आणि ती तशीच असायला हवीत. नवे नोड घ्यावे लागले नाहीत.

तुमच्याकडे असं क्लस्टर असेल, तर कोऑर्डिनेटरचे आणि लोकल आकडे डॅशबोर्डवर शेजारी शेजारी लावा. वर रेप्लिकेशन फॅक्टर (किती प्रती) आणि कन्सिस्टन्सी लेव्हल (किती प्रतींच्या होकारावर थांबायचं) ठळक लिहा. खरेदीच्या कागदावर सही त्यानंतरच करा.