खिडकीसमोर बसून

या स्मरणिकेसोबत माजी विद्यार्थ्यांच्या मनोगतांच्या चित्रफिती जमविण्याचे काम आमच्याकडे आले. आलेल्या फितींपैकी काहींत बोलणाऱ्याचा चेहरा काळोखात बुडालेला, तर काहींत तो इतका गोरा की, पाच-सहा वर्षे आमच्या वर्गात बसलेला मुलगा आम्हांला आवाजावरून ओळखावा लागला. हसण्याचा अधिकार आम्हांला नाही; या दोन्ही चुका आम्ही स्वतः केल्या आहेत.

२०२० साली टाळेबंदीत वसतिगृह रिकामे झाले आणि खडूऐवजी हाती मोबाइल आला. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचा पाठ आम्ही खिडकीकडे पाठ करून, पंखा लावून चित्रित केला. फितीत मागचा कडुनिंब लख्ख, पंख्याची घरघर स्पष्ट आणि शिक्षक म्हणजे नुसती सावली! पुढील पाठासाठी फोनचा पुढचा कॅमेरा वापरला. त्यातील चेहरा उजळविणारा फिल्टर आधीपासूनच सुरू होता. पाहतो तो सुरकुत्या गेलेल्या, कपाळावरचा व्रण पुसलेला आणि रंग कधी नव्हे तो गोरा. कबूल करतो, ते रूप आम्हांला आवडले. लहानपणी रंगावरून जे ऐकून घेतले होते, ते पन्नाशीतही आत कोठेतरी शिल्लक होते. फिल्टरचा उलगडा झाल्यावरही आम्ही तो बंद केला नाही. तीन पाठ तसेच पाठविले. मग सातवीतील एका मुलीचा संदेश आला, “सर, तुम्ही आजारी आहात का?”

लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला आम्ही फोन केला. तो म्हणाला, “सर, खिडकीकडे पाठ नको, तोंड करा. कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मोजतो. मागे लख्ख असलं की तो एकूण उजेड कमी करतो, मग चेहरा काळवंडतो.” सावळ्या चेहऱ्याला समोरून, किंचित बाजूने येणारा मवाळ उजेड पुरतो. पडद्यावर आपल्या चेहऱ्यावर बोट दाबून धरले की उजेडाचे माप तेथेच स्थिरावते. फोन पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवावा, भिंग सुती कापडाने पुसावे आणि बोलताना स्वतःच्या छबीकडे न पाहता भिंगाकडे पाहावे. हे शेवटचे आम्हांला सर्वांत जड गेले. आवाजासाठी फोन हातभर अंतरावर, पंखा बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून आम्ही वसतिगृहातील गाद्या भिंतींना टेकवून ठेवल्या.

इतिहासाच्या शिक्षकाला येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोडॅकच्या रंगीत छायाचित्रांची छपाई जुळविण्यासाठी अनेक दशके ‘शर्ली कार्ड’ वापरीत; त्यावर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिची त्वचा ठीक उमटली की रंग ठीक, असा हिशेब. त्या मापात सावळे चेहरे नीट उमटत नसत आणि आम्ही मात्र जुन्या फोटोंतील अंधार आयुष्यभर आपल्याच रंगाच्या खाती मांडला.

महाडचा पाठ आम्ही पुन्हा चित्रित केला. सकाळी आठच्या सुमारास, ग्रंथालयाच्या खिडकीसमोर, फिल्टर बंद करून. कपाळावरचा व्रण दिसतो. मध्येच कोंबडा आरवतो, तो काढता आला नाही. त्या मुलीने कळविले, “आता बरे दिसता, सर.”

ज्यांच्या फिती आम्ही परत पाठवीत आहोत, त्यांनी राग मानू नये. खिडकीसमोर बसून पुन्हा एकदा बोलावे.