चौकटीमागची चिमणी

खेतवाडीत वाढलेल्या एका मुलाने विसाव्या शतकाच्या आरंभी छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे मामांना, अमीरुद्दीन तय्यबजींना, सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडले. सालिम अलींचे पक्षिशास्त्र असे एका खेळातून सुरू झाले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या शीर्षकातही ती चिमणी आहे. मला मात्र मुलापेक्षा मामांचे अधिक कौतुक वाटते. आपल्याला ठाऊक नाही, हे घरातल्या लहानापुढे कबूल करणारी वडीलधारी माणसे तेव्हाही विरळाच असणार.

मी स्वतः वीस वर्षे कवितेतले पक्षी शिकवले. पक्षी म्हणजे मुक्तीचे प्रतीक, हे विद्यार्थ्यांकडून घोटून घेतले. कोणता पक्षी, हे कधी विचारले नाही.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला चिमणी दिवस पाळला जातो. त्या निमित्ताने परळच्या आमच्या इमारतीत मी एका रविवारी 'चिमणी उड' मांडला. नियम एवढाच वाढवला, की बोट उचलणाऱ्याने तो पक्षी अंगाने उडून दाखवायचा. मोठी माणसे सगळे पक्षी सारखेच उडवत होती, दोन्ही हात फडफडवून. मुलांनी घार मात्र अचूक केली: हात ताठ पसरून, न हलवता, संथ गिरक्या. खिडकीतून ती रोज दिसते ना! चिमणी कोणालाच जमेना.

तेव्हा खुर्चीवर बसलेली माझी आई म्हणाली, "अरे, चिमणी चालत नाही. दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते. चालते ती साळुंकी." आणि गुडघे दुखत असूनही तिने उठून दोन उड्या मारून दाखवल्या.

नंतर चित्रे काढली. मुलांच्या कागदावर दोन कमानींचे ठरावीक पक्षी होते. आईने चाळीतली आमची खोली काढली. भिंतीवर पुढे झुकलेली तसबीर आणि तिच्यामागून लोंबणाऱ्या काड्या. "पिल्लांना दाणे नाही चालायचे," ती मुलांना सांगत होती, "हिरव्या अळ्या आणून भरवायची." कोणीतरी विचारले, मग त्या घरट्याचे काय झाले? आईने माझ्याकडे पाहिले नाही. एका दिवाळीत रंगकामाच्या वेळी ते मी झाडूने काढले होते, पिलांसकट. तेव्हा मी बी. ए.ला होतो. त्या मुलांपुढे मी ते सांगितले. सांगताना घसा कोरडा पडला.

नव्या घरांत तसबिरी भिंतीला चपट्या बसतात. त्यामुळे लाकडी घरटी टांगण्याचा उत्साह सगळ्यांनाच होता, आणि सहा टांगलीही. पण अळ्या कुठून यायच्या? आवारात उरलेला एकमेव मेंदीचा कुंपणपट्टा काढून तिथे फरशी घालण्याचा ठराव आधीच आलेला होता. पुढच्या सभेत मुले आपली चित्रे घेऊन गेली. ठराव तूर्त पुढे ढकलला आहे. औषधफवारणी त्या पट्ट्यापुरती थांबली आहे, म्हणून डासांबद्दल दोन तक्रारी माझ्या नावे नोंदल्या गेल्या आहेत. घरटी रिकामी आहेत. मेंदीवर अधूनमधून साळुंक्या उतरतात, आणि खालच्या मजल्यावरची एक मुलगी मला हाक मारून सांगते, "काका, चालतेय!"