आधी मीटर, मग गाडी

गेले तीन महिने आमच्या घरात जेवताना एकच विषय असतो. पिकअप बदलायची आहे. परत डिझेलचीच घ्यायची की या वेळी इलेक्ट्रिक? बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. कुठल्या कंपनीची जाहिरात नाही आणि कुणाला विरोधही नाही. पोस्ट लांब आहे, पण ज्यांची रोजीरोटी गाडीच्या हौद्यावर चालते त्यांनी वाचावी.

आधी आमचा धंदा सांगतो. कोकम आगळ, आमरस, फणसपोळी, पापड असला माल रत्नागिरी शहर, पावस, गणपतीपुळे, मालगुंड आणि इकडे लांज्यापर्यंत दुकानांना पोचवायचा. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या. महिन्यातून एकदोनदा कोल्हापूर. गाडी २०१४ची बोलेरो पिकअप. लिटरला बारा देते. डिझेल नव्वदीच्या वर गेल्यापासून किलोमीटरला साडेसात रुपये नुसते इंधनाचे. घरात इलेक्ट्रिक स्कूटरसुद्धा नाही, म्हणजे घेतली तर हीच पहिली ईव्ही.

पहिलं काम केलं ते म्हणजे महिनाभर वही ठेवली. सकाळी किती, संध्याकाळी किती, हौद्यात वजन किती. सगळ्यांना सांगेन, शोरूमला जाण्याआधी हे करा. मला वाटत होतं आपली गाडी रोज शंभर-सव्वाशे पळते. वहीत भलतंच निघालं. २६ दिवसांपैकी २१ दिवस गाडी ५० ते ६५ किलोमीटर चालली. तीन दिवस शंभरच्या आसपास. दोन दिवस कोल्हापूर, जाऊन येऊन २६०. वजन बहुतेक दिवस पाच-सहाशे किलो. म्हणजे दीड टनाची गाडी मी वर्षातले नऊ महिने अर्धी रिकामी फिरवतो.

आता बाजारात काय आहे? आपण ज्याला पिकअप म्हणतो त्या दीड टनाच्या वर्गात इलेक्ट्रिक पर्याय अजून मोजके. त्याखालच्या पाऊण ते एक टनात मात्र आहेत. आपला छोटा हत्ती २००५ साली आला, त्याचा इलेक्ट्रिक अवतार २०२२ मध्ये आला. महिंद्राची झिओ २०२४ मध्ये आली. जून २०२५ मध्ये टाटाने एस प्रो आणली, ७५० किलो वजनाची. तिचं उदाहरण हिशोबाला बरं, कारण एकच गाडी पेट्रोल आणि इलेक्ट्रिक दोन्हीत मिळते. बाजारात आली तेव्हा पेट्रोल ३.९९ लाख, इलेक्ट्रिक ६.५० लाख, शोरूम किंमत.

पाऊण टनाची एक इलेक्ट्रिक गाडी एक दिवस ट्रायलला मागून घेतली. पाचशे किलो माल भरला आणि आरे-वारेवरून गणपतीपुळे, मालगुंड करून परत आलो. ५८ किलोमीटर झाले, बॅटरी ५७ टक्के उतरली. म्हणजे कागदावर दीडशेच्या वर रेंज असली तरी आपल्या चढउतारात, माल घेऊन, शंभर धरा. वाईट नाही. चढाला ओढ डिझेलपेक्षा चांगली, आवाज नाही, दर दुकानासमोर बंद-चालू करायची कटकट नाही. आमचा ड्रायव्हर अकरा वर्षं डिझेलवर आहे. तो उतरल्यावर म्हणाला, “दादा, गाडी झकास आहे. पण घाटात बंद पडली तर ही धक्का मारून पण चालू होणार नाही.”

आता पैशाचं बोलू. कोल्हापूर वगळून माझं महिन्याचं चालणं १,४३० किलोमीटर. त्याला डिझेल जवळपास ११ हजारांचं. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.१६ युनिट, वीज दहा रुपये युनिट धरली तर २,३०० रुपये. महिन्याला ८,७०० वाचले. साडेपाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ११,७०० च्या आसपास. म्हणजे “डिझेलच्या पैशात हप्ता फिटतो” हे शोरूममधलं वाक्य माझ्या वहीत बसत नाही. तीन हजार खिशातून जातात.

नवीन पेट्रोलशी तुलना केली तर? सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर आधीपासूनच ५ आहे. म्हणजे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि दोघींतलं अंतर अडीच लाखांवरून पावणेतीनच्या पुढे गेलं. त्यावरचं व्याज धरा, साधारण ३.४ लाख. पेट्रोल लिटरला पंधरा देईल असं धरलं तर इलेक्ट्रिक किलोमीटरला पाच-साडेपाच रुपये वाचवते. माझ्या चालण्यात फरक फिटायला पावणेचार वर्षं. रोज शंभर किलोमीटर चालणाऱ्याला सव्वादोन वर्षं. रोज तीस चालणाऱ्याला सात. म्हणून कुणी “फायद्यात आहे” किंवा “तोट्यात आहे” असं सरसकट सांगितलं तर आधी विचारा, किती किलोमीटरला?

सीएनजीचाही विचार केला. खर्चात ती मधली आहे, पण रांगेत उभं राहायला माझ्याकडे माणूस नाही.

घाटाची भीती सगळ्यांना वाटते, म्हणून तेही गणित करून पाहिलं. मालासकट दोन टनाची गाडी पाचशे मीटर उंच चढवायला नुसत्या उंचीसाठी पावणेतीन युनिट लागतात. मोटरमधली गळती धरून सव्वातीन. उतरताना त्यातलं थोडं परत मिळतं. म्हणजे आंबा घाट बॅटरी खाऊन टाकत नाही. अडचण घाटाची नाही, अंतराची आहे. रत्नागिरी ते कोल्हापूर १३० किलोमीटर, गाडीची खरी रेंज शंभर. साखरप्याला किंवा मलकापूरला चालू असलेला चार्जर हमखास मिळेल, तरच जाता येईल. गेल्या महिन्यात त्या रस्त्याने जाताना मुद्दाम एका हॉटेलसमोरचा चार्जर बघायला थांबलो. स्क्रीन बंद. वेटर म्हणाला, “गणपतीपासून असाच आहे.” गणपतीपासून! अमेरिकेत फोर्डची लायटनिंग ही इलेक्ट्रिक पिकअप २०२२ मध्ये आली. मागे जड ट्रेलर जोडला की तिची रेंज निम्म्यावर येते, असं तिकडच्या चाचण्यांत दिसलं. वजन आणि अंतर एकत्र आलं की सगळ्यांचीच दमछाक होते, आपली छोटी गाडी त्याला अपवाद कशी असेल?

आता खरा मुद्दा. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “अहो, पंखा फिरत नाही तिथे गाडी काय फिरणार?”

हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. आपल्या जिल्ह्यात वीज कमी तयार होते का? कोयनेचं पाणी पोफळीला उतरतं आणि वीज करतं. जयगडला १,२०० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प आहे. अंजनवेलला दाभोळ प्रकल्प, ज्याचं रामायण सगळ्या देशाने पाहिलं. एवढं असून जूनचा पहिला वारा सुटला की आमच्या वाडीचा फीडर जातो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडमधल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. असं काही झालं की डिझेलवाला कॅन घेऊन पंपावर जातो. इलेक्ट्रिकवाल्याने काय घेऊन जायचं?

इथे कोकण रेल्वेचं उदाहरण आठवतं. सुमारे ७४० किलोमीटरचा सगळा मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला. याच डोंगरात, याच पावसात विजेची इंजिनं अख्खी मालगाडी ओढतात. म्हणजे वीज जड काम करू शकते का, हा प्रश्न संपला. पण रेल्वेने आधी तारा ओढल्या, स्वतःची सबस्टेशनं उभी केली आणि मग इंजिन बदललं. आपल्याला मात्र सांगतात, आधी गाडी घ्या, तारेचं बघू.

म्हणून मी शोरूमच्या आधी वायरमनला घरी बोलावलं. त्याने जे सांगितलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नाही. एक, रात्रभर चार्जिंगला सव्वातीन किलोवॅटचा भार लागतो, घरचा मंजूर भार आधी तपासा. दोन, महिन्याला सव्वादोनशे युनिट घरच्याच मीटरवर चढले तर घरगुती स्लॅब उड्या मारतो आणि दहा रुपयांचा हिशोब कोलमडतो. महावितरणने ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी ठेवली आहे, त्यासाठी वेगळा मीटर घ्या. तीन, अर्थिंग. आमचं घर जांभ्याच्या कातळावर. मे महिन्यात कातळ कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. नीट खड्डा मारून, मीठ-कोळसा घालून, वर्षातून एकदा तपासून घ्यावं लागतं. चार, डीपीपासून घर लांब असेल तर संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज बघा. माझ्या घरी तेव्हा मिक्सर रडतो. रात्री अकरानंतर ठीक होतं, म्हणजे चार्जिंग अकरानंतरच.

सोलर बसवावं का? पीएम सूर्यघर योजनेत घरगुती तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. उन्हात तेवढ्यातून दिवसाला दहा-बारा युनिट निघतात, माझ्या रोजच्या फेरीला पुरतील एवढे. पण गाडी दिवसा रस्त्यावर आणि ऊनही दिवसाच, म्हणजे नेट मीटरिंगवर अवलंबून. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्य रजेवर असतो. शिवाय लाईट गेली की साधं नेट मीटरिंगवालं सोलरही बंद होतं, हे लोकांना माहीत नसतं.

दुसरी मोठी भीती हंगामाची. एप्रिलमध्ये गाडी चार दिवस उभी राहिली तर आंबा थांबत नाही. डिझेल गाडी नाक्यावरचा मेस्त्री तासाभरात रस्त्याला लावतो. इलेक्ट्रिकचं काय? बॅटरीवर सात-सात वर्षांची वॉरंटी आहे, चांगलंच आहे. पण मी सेल्समनला एकच प्रश्न विचारला, तंत्रज्ञ रत्नागिरीत बसतो की कोल्हापूरहून येतो? त्याने वॉरंटीचा कागद परत माझ्यासमोर सरकवला. तुम्हीही हा प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

सरकारचं धोरण वाचलं. राज्याचं ईव्ही धोरण २०२५ मध्ये आलं, २०३० पर्यंत आहे. टोलमाफी कुठे? मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू. आणि ती कार आणि बसना, मालवाहू गाड्यांना नाही. यातला एकही रस्ता आपल्या जिल्ह्यातून जात नाही. आपल्याला वर्षानुवर्षं रखडलेला मुंबई-गोवा आहे. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १०,९०० कोटींची. तिच्यात दुचाकी धरली, तीनचाकी धरली, बस धरली, साडेतीन टनांवरचे ट्रक धरले. मधला छोटा हत्ती नाही! म्हणजे मासळी, भाजी, आंबा, सिलिंडर, किराणा वाहणारी जी गाडी प्रत्येक तालुक्यात पोट भरते, नेमकी तीच वगळलेली. का, ते कुणीतरी समजावून सांगावं. महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जर, असंही राज्याच्या धोरणात लिहिलंय. मला चार्जर हवा आहे तो मिरकरवाडा जेट्टीजवळ, मिरजोळे एमआयडीसीत आणि बाजारपेठेत, जिथे आमच्या गाड्या माल उतरवायला तास-दीड तास उभ्याच असतात. आणि बसवलेला चार्जर चालू ठेवायची जबाबदारी कुणाची, ते बोर्डावर फोन नंबरसकट लिहिलेलं हवं.

तर मी काय ठरवलंय?

हंगाम संपेपर्यंत जुनी बोलेरोच चालेल. कारण पाऊण टनात आंब्याच्या तीसेक पेट्या बसतात, मला साठ न्यायच्या असतात. दरम्यान वेगळ्या मीटरचा अर्ज केला आहे. मीटर लागला, अर्थिंग झालं आणि जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत रात्री अकरा ते सकाळी सहा वीज किती दिवस टिकते ते वहीत लिहिलं, की उत्तर मिळेल. चौदापैकी दहा रात्री टिकली तर गणपतीआधी पाऊण टनाची इलेक्ट्रिक घेणार. बोलेरो विकणार नाही. कोल्हापूर आणि हंगाम तिच्याकडे, रोजची फेरी नवीन गाडीकडे. तिचा विमा आणि पासिंगचा खर्च अंगावर येईल, पण तो मी वादळात अडकू नये म्हणून भरलेला हप्ता समजतो. दहा रात्रीसुद्धा टिकली नाही, तर परत इंधनाचीच गाडी. मग दोष गाडीचा नसेल, तारेचा असेल.

ज्यांचं दिवसाचं चालणं ठरलेलं आहे, शंभरच्या आत आहे, रात्री गाडी घरी येते आणि डीपी जवळ आहे, त्यांनी घाबरायचं कारण नाही, ट्रायल घ्या. ज्यांना सकाळी भाडं कुठलं येईल ते माहीत नसतं, आज राजापूर तर उद्या सातारा, त्यांनी अजून थांबावं. कुणी मागासलेलं म्हटलं तर म्हणू दे, हप्ता ते भरणार नाहीत.

एक विनंती आहे. रत्नागिरी, लांजा, संगमेश्वर, चिपळूण भागात कुणाकडे इलेक्ट्रिक मालवाहू गाडी एक तरी पावसाळा काढून झाली असेल, तर तीन गोष्टी लिहा. माल भरून खरे किलोमीटर किती मिळतात, चार्जिंग कुठल्या मीटरवर करता, आणि बिघाड झाला तेव्हा गाडी किती दिवस उभी राहिली. ही माहिती एकत्र करून महावितरणच्या कार्यालयात आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे मी स्वतः घेऊन जाणार आहे. नुसतं “लाईट नसते हो” म्हटलं की ते मान डोलावतात. तारखा आणि तास लिहिलेला कागद समोर ठेवला की निदान तो हातात तरी घ्यावा लागतो.