मॉनिटर गेला, कॉम्प्युटर राहिला

घरातलं मोडीत काय काढायचं आणि काय ठेवायचं, यावरून वाद झाला नाही असं घर माझ्या तरी पाहण्यात नाही. पितळी बंब, पाय निखळलेला पाट, जुनी शिलाई मशीन यांच्या बाबतीत निदान काय मोडलं आहे ते डोळ्यांना दिसतं. विजेवरच्या वस्तूंचं तसं नसतं. एक भाग बंद पडला की सगळी वस्तूच गेली असं धरून आपण मोकळे होतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत तर हे हमखास घडतं. पडद्यावर अंधार झाला की 'कॉम्प्युटर गेला'! खरं म्हणजे पडदा हा नुसता पडदा. सगळा कारभार चालतो तो शेजारच्या डब्यात.

आमच्या हिमायतनगरच्या घरी गेल्या दिवाळीत हेच झालं. एका कॉम्प्युटर क्लासने जुने कॉम्प्युटर विकायला काढले, तेव्हा मामंजींनी त्यातला एक घेतला होता. मागे पोट सुटलेला, काचेचा, जड मॉनिटर. झाडलोट करताना सहज चालू करून पाहिला, तर जळका वास आला आणि मॉनिटर कायमचा मिटला. "आता काहून जागा अडवायला ठेवता? देऊन टाका भंगारात," असं भाऊजींनी सांगितलं आणि घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी मात्र अडून बसले, कारण त्या डब्यात मामंजींच्या आठवणी होत्या. मामंजी प्राथमिक शिक्षक. निवृत्त झाल्यावर ते हौसेने मराठी टायपिंग शिकले आणि २०१६ साली जाईपर्यंत एका बोटाने टिपत त्यांनी ४१ पानं लिहिली. आपलं गाव लोक वाढोणा म्हणून ओळखत तेव्हाची शाळा, परमेश्वराची महाशिवरात्रीची जत्रा, आणि मुख्य म्हणजे रझाकारांचे दिवस. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला, तेव्हा मामंजी दहा वर्षांचे होते. त्याआधीच्या धामधुमीत आपल्या भागातली कितीतरी घरं पैनगंगा ओलांडून पलीकडे वऱ्हाडात गेली, कारण नदीच्या त्या काठाला निजामाचं राज्य संपत होतं. उमरीच्या बँकेवरचा जानेवारी १९४८ मधला छापा इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो. पण एखाद्या साध्या घराने ते दिवस कसे काढले, हे कोण लिहून ठेवणार?

तुम्ही म्हणाल, एवढंच ना, मग पेन ड्राइव्हवर काढून घ्यायचं! तेही करून पाहिलं. पुतण्याने डब्यातली हार्ड डिस्क काढून मित्राच्या कॉम्प्युटरला जोडली, फाईल उतरवली आणि डिस्क पुन्हा जागच्या जागी बसवली. पण ती फाईल मोबाईलवर उघडली तर काय! सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. मराठीचं नाव नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पूर्वीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. तो फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्वतःची जागा मिळाली, पण टायपिंग करणारे पुढे कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टांवर काम करत राहिले. जुन्याचं युनिकोड करून देणारी साधनं आज मिळतात. पण जोडाक्षरांत चुका राहतात, आणि मूळ पान दिसल्याशिवाय चूक ओळखायची कशी? तेव्हा जिथे मजकूर लिहिला त्याच कॉम्प्युटरवर तो उघडणं, हाच सरळ मार्ग होता. अडलं होतं ते फक्त पडद्यापाशी.

पडदा तर भिंतीवर होताच, बत्तीस इंची टीव्ही! टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचा ही काही आजची युक्ती नाही. घरगुती कॉम्प्युटर पहिल्यांदा आले, तेव्हा ते घरच्या टीव्हीलाच जोडायचे म्हणून बनवलेले असत. १९८१ साली इंग्लंडात निघालेला बीबीसी मायक्रो त्यातलाच. आपल्याकडे १९८४ साली शाळांतून कॉम्प्युटर शिकवण्याची 'क्लास' नावाची सरकारी योजना सुरू झाली, तेव्हा शाळांना हाच बीबीसी मायक्रो दिला होता.

आमचे हे म्हणाले, "रविवारी बघू." असे चार रविवार गेले. आपल्या घरांतून तारांना हात लावायचा तो पुरुषांनीच, असा एक अलिखित नियम आहे. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर रोज चालवायची आपण. पण पिन सैल झाली की वाट पाहायची! पाचव्या आठवड्यात मीच टीव्ही जरा पुढे ओढून मागे डोकावले.

गोष्ट अशी आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीवर जे निळं, पंधरा भोकांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं सॉकेट असतं, ते व्हीजीए. ही पद्धत आयबीएम कंपनीने १९८७ साली आणली. यात लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या तारांतून कमीजास्त दाबाच्या विजेच्या रूपाने जातो. नव्या टीव्हीला असतं ते चपटं एचडीएमआय. ही पद्धत २००२ सालच्या अखेरीस ठरली. तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही आकड्यांच्या रूपाने जातात. म्हणजे एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. मध्ये दुभाषा हवा. त्या दुभाष्याला कन्व्हर्टर म्हणतात. (काही टीव्हींना मागे व्हीजीएचं सॉकेटही असतं, 'पीसी' असं लिहिलेलं. तसं असेल तर साधी व्हीजीए केबल पुरते. खर्च करण्याआधी पाहून घ्या.)

कन्व्हर्टर घ्यायला मी सकाळच्या गाडीने नांदेडला गेले. पहिल्या दुकानात जो पुढे ठेवला, तो नेमका उलटा होता. नव्या कॉम्प्युटरवरून जुन्या पडद्यावर नेणारा! दिसायला दोन्ही सारखेच, पण एकाचं काम दुसरा करत नाही. आपल्याला हवा तो 'व्हीजीए ते एचडीएमआय'. पैसे देण्याआधी पाकिटावरचा बाण वाचायचा. दुसऱ्या दुकानात पाचशेच्या आत योग्य तो मिळाला. त्याला एक यूएसबीची शेपटी असते, ती कॉम्प्युटरला लावायची, कारण दुभाष्यालाही वीज लागते. दुसरी काळी तार आवाजाची. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून ती कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकात घालायची.

जोडताना दोन्हीकडची वीज बंद ठेवावी. व्हीजीएच्या पिना टाचणीसारख्या बारीक असतात. जोर लावला तर वाकतात. पुष्कळ केबलींत मधल्या ओळीतली एक पिन मुळातच नसते, ती तुटली असं समजून घाबरू नये. मग रिमोटवरचं 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून, ज्या क्रमांकाच्या सॉकेटात तार घातली तो क्रमांक निवडायचा.

एवढं करूनही आमच्या टीव्हीवर 'हे चित्र चालत नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटीच आली. पण पाटी आली म्हणजे तार नीट आहे, हे तर कळलं. काचेच्या मॉनिटरवर चित्र लुकलुकू नये म्हणून ते सेकंदाला ७५ किंवा ८५ वेळा काढायला सांगून ठेवलेलं असे. नवे टीव्ही बहुधा ६० वेळा मागतात. कॉम्प्युटर एक्सपीचा होता. चालू करताना एफ-आठ हे बटण दाबत राहिल्यावर जी यादी येते, तिच्यातून 'एनेबल व्हीजीए मोड' निवडलं, आणि भिंतीवर चित्र उमटलं! मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन ८५ चे ६० केले. जुनं चित्र चौकोनी आणि नवा पडदा लांबट, म्हणून माणसं जाडी दिसतात. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'चारास तीन' निवडलं की सरळ होतात.

त्या संध्याकाळी मामंजींचं लिखाण भिंतीवर मोठ्या अक्षरांत उघडलं. आत्याबाईंचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, शिक्षण चौथीपर्यंत, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. मामंजी लिहीत असताना त्या बारक्या अक्षरांकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता खुर्ची पुढे ओढून त्या बोट फिरवत वाचू लागल्या. नदीपार गेल्याच्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "समदं बाप्यांचंच लिवलंय की यांनी. मायनं काय नेलं ते कुठाय?"

मग त्यांनी सांगितलं. मामंजींच्या आईने बियाची जवारी लुगड्याच्या ओच्यात बांधून नदीपार नेली होती. उपास पडले तरी ती दळली नाही. परत आल्यावर शेतात तीच पेरली. ही गोष्ट सासूने सुनेला चुलीपुढे सांगितलेली, म्हणून ती मामंजींच्या ४१ पानांत आलीच नाही. पेन ड्राइव्हवरचा मजकूर कोणी नीट करून, छापून आणून दिला असता, तर तो कपाटात गेला असता. सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा एवढा मोठा दिसला, म्हणून आत्याबाई बोलल्या.

सध्या रात्री मालिका संपली की आम्ही तार जोडतो. मी टीव्हीवरचं वाचते, मुलगी मोबाईलवर युनिकोडमध्ये उतरवून घेते आणि आत्याबाई सांगतील ते कंसात घालते. बारा पानं झाली आहेत. आता हे स्वतःहून विचारतात, "आज कितवं पान?"

राहिला तो मेलेला मॉनिटर. तो आपण किंवा मुलांनी मुळीच उघडू नये. वीज काढून टाकल्यावरही काचेच्या नळीत जबर दाबाची वीज काही काळ शिल्लक राहू शकते, आणि त्या काचेत शिसं असतं. भंगारवाल्याला फोडायला देण्यापेक्षा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे पोचवावा. डबा मात्र देऊ नका. कपाटावर असा एखादा डबा असेल, तर त्यात कोणी काय लिहून, जपून ठेवलं आहे हे आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, आणि मग टीव्ही जरा पुढे ओढून मागे डोकावा.