भिंतीतली चिवचिव



मागच्या लेखात मी पापडाविषयी लिहिलं होतं, त्या आधी आईंच्या उपवासांविषयी. आजचा विषय वाचून तुम्ही हसाल. आज मी लिहिणार आहे कपडे वाळवायच्या ड्रायरच्या मागच्या नळीविषयी. पण शेवटपर्यंत वाचा. या नळीने मला जे शिकवलं, ते इतक्या वर्षांच्या स्वाध्यायातही नीट उतरलं नव्हतं.

आम्ही शिकागोजवळ राहतो. इथे वर्षातले पाच-सहा महिने बाहेर कपडे वाळत नाहीत. उरलेल्या महिन्यांतही आमच्या सोसायटीच्या नियमांत अंगणात दोरी बांधायला परवानगी नाही. त्यामुळे ड्रायर हा आमच्या घरातला मिक्सरइतकाच रोजचा. मी कधी त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही. कपडे टाकायचे, बटण दाबायचं, रात्री अकराला लावून झोपायला जायचं. सकाळी घड्या.

गेल्या वर्षभरात एक गोष्ट मात्र जाणवत होती. पूर्वी पाऊण तासात वाळणारे कपडे आता तासाभराने काढले तरी कमरपट्ट्याशी ओलेच लागायचे. टॉवेल असले की दुसऱ्यांदा लावावं लागे. हे म्हणाले, "मशीन जुनं झालं, दिवाळीच्या सेलमध्ये नवीन बघू." मीही हो म्हटलं. खोलीत दमट वास यायचा, खिडकीच्या काचेवर वाफ धरायची. तेही मी हिवाळ्यावर ढकललं.

मार्चमध्ये सासूबाई सांगलीहून आल्या. दुपारी सामायिकाला त्यांना शांत जागा लागते. आमच्या घरात सगळ्यांत शांत कोपरा म्हणजे लॉन्ड्रीच्या खोलीलगतची छोटी खोली. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी सामायिक आटोपून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या भिंतीत पिल्लं आहेत."

मला वाटलं, झाडावरचा आवाज असेल. "आई, बाहेर पक्षी खूप आहेत इथे."

"बाहेरचा आवाज मला कळतो. हा भिंतीतला आहे. चल, कान लाव."

कान लावला. ड्रायरच्या मागे, भिंतीच्या आत, बारीक चिवचिव चालली होती. धावत घराच्या बाहेरच्या बाजूला गेलो. नळीचं तोंड जिथे भिंतीतून बाहेर निघतं, तिथली झडप अर्धवट उघडी होती आणि तिच्यातून गवताच्या काड्या लोंबत होत्या. आमच्यासमोर एक काळा, ठिपक्याठिपक्यांचा पक्षी चोचीत अळी घेऊन सरळ आत शिरला. स्टारलिंग. आपल्या साळुंकीच्याच कुळातला. पोकळ जागा दिसली की घरटं करणारा.

माझ्या पोटात गोळा आला, कारण आदल्या रात्रीच मी ड्रायर लावला होता.

दुसऱ्या दिवशी नळ्या साफ करणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "दहा मिनिटांचं काम आहे, सगळं ओढून काढतो." पिल्लांचं काय, विचारलं, तर म्हणाला, या पक्ष्याला इथे कायद्याचं संरक्षण नाही, तुम्हाला काही अडचण येणार नाही. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. स्टारलिंग इथला मूळचा पक्षी नाही, एकोणिसाव्या शतकात युरोपातून आणून सोडलेला आहे. स्थानिक पक्ष्यांना जे संरक्षण आहे, ते त्याला नाही.

पण आमची अडचण कायद्याची नव्हतीच. हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरटं काढलं तर पिल्लं मरतील. नाही काढलं आणि मशीन लावलं तर गवत पेटेल, पिल्लंही जातील आणि आपणही. तिसरं काही आहे का?"

आईंनी उत्तर दिलं. "आहे की. मशीन बंद ठेवा. सांगलीत काय मशीनवर वाळवत होतो?"

मग त्या माणसाला पिल्लं उडाल्यावर बोलवतो म्हणून सांगितलं. तो चांगला होता, खांदे उडवून हसला आणि म्हणाला, अंड्यातून निघाल्यावर साधारण तीन आठवड्यांत उडतात, पण नंतर लगेच बोलवा, कारण ही जोडी पुन्हा अंडी घालते. ड्रायरचा प्लग काढला आणि कुणी चुकून लावू नये म्हणून बटणावर कागद चिकटवला.

ते तीन आठवडे मी गोड करून सांगणार नाही. तळघरात तीन स्टँड, जिन्याच्या कठड्यावर चादरी, आईंची नऊवारी दोन खुर्च्यांवर. मुलांचे मोजे दोन दिवस वाळेनात. लेकीने एकदा चिडून विचारलं, "चार पक्ष्यांसाठी आपण सगळ्यांनी ओले कपडे घालायचे का?" आई तिला एवढंच म्हणाल्या, "तुझे कपडे उद्या वाळतील."

एके दिवशी चिवचिव थांबली. आणखी दोन दिवस वाट पाहिली. मग तो माणूस आला, कॅमेऱ्याने आत पाहून घेतलं, घरटं रिकामं होतं. लांब लवचीक दांड्याला लावलेला ब्रश फिरवत त्याने नळी साफ केली. बादलीभर गवत, पिसं आणि करडी लव निघाली. आम्हाला वाटलं, झालं. पण त्याच्या खाली दुसरा थर होता, चपटा झालेला, जुना. गेल्या वर्षीचं घरटं. त्याच्यात तीन अंडी होती. फिकट निळी, हलकी, आतून सुकलेली.

आणि ड्रायरच्या अगदी मागे, जिथे नळी वळते, तिथली लव तपकिरी झाली होती. त्याने बोटाने चुरली आणि माझ्यासमोर धरली. "ही भाजलेली आहे," म्हणाला.

मैत्रिणींनो, मी तिथेच खाली बसले. यंदाची पिल्लं वाचवल्याचं जे समाधान मनात साठवलं होतं, ते त्या तीन अंड्यांनी काढून घेतलं. गेल्या वसंतात मी त्यांच्यावरून रोज गरम हवा सोडत होते. आणि रात्री अकराला मशीन लावून मुलांना वर झोपवत होते.

आपण म्हणतो, गृहस्थाला आरंभी हिंसा टळत नाही. स्वयंपाक, धुणं, झाडणं यात जीव जातातच. हे खरं आहे. पण त्याच वाक्याच्या आड मी लपत होते. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली, तिची सुरुवातच प्रमादापासून होते. माझ्या मनात कुणाला मारायचं नव्हतं. पण कपडे वाळत नाहीत, खोली दमट आहे, मशीन तापतंय, ही तीन लक्षणं वर्षभर समोर असताना मी वाकून पाहिलं नाही. त्यालाच प्रमाद म्हणतात. त्या रात्री प्रतिक्रमणाला बसले तेव्हा पहिल्यांदा मला कशाबद्दल क्षमा मागायची ते नेमकं ठाऊक होतं.

आता तुमच्यासाठी कामाचं सांगते. हे मी त्या माणसाकडून आणि नंतर वाचून शिकले.

ड्रायर काय करतो? हवा तापवून कपड्यांतून फिरवतो आणि ती ओली हवा पंख्याने नळीवाटे घराबाहेर टाकतो. कपड्यांतून सुटलेली लव दाराजवळच्या जाळीत अडकते, पण सगळी नाही. उरलेली नळीत जाते, ओलाव्याने भिंतींना चिकटते, वळणावर साठते. नळी तुंबली की ओली हवा बाहेर पडत नाही. कपडे वाळत नाहीत, मशीन जास्त वेळ चालतं, वीज जास्त जाते, कपडे झिजतात आणि आतली उष्णता वाढते. त्या उष्णतेशेजारी असते कापसासारखी कोरडी लव, आणि तिला पेट घ्यायला वेळ लागत नाही.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला होता. त्यात घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या आणि सर्वांत मोठं कारण, ३४ टक्के, साफसफाई न करणं हेच होतं. सर्वांत जास्त आगी जानेवारीत. म्हणजे ज्या महिन्यात आपण मशीन सर्वांत जास्त वापरतो, त्याच महिन्यात.

म्हणून आमच्या घरात आता हे नियम आहेत:

१. दर वेळी कपडे टाकण्याआधी जाळी काढून लव पुसायची. महिन्यातून एकदा जाळीवर पाणी ओतून पाहायचं. पाणी वर थांबलं तर जाळीवर पातळ थर बसला आहे. साबण आणि मऊ ब्रशने धुवायची. हा थर बहुतेक वेळा सुवासिक ड्रायर शीटचा असतो. अशा काही शीटमध्ये प्राण्यांच्या चरबीपासून केलेले घटकही असतात, हे कळल्यावर आमच्याकडे त्या बंदच झाल्या.

२. वर्षातून एकदा पूर्ण नळी साफ करायची. नळी लांब असेल, छतावर निघत असेल किंवा वळणं जास्त असतील तर जाणत्या माणसाकडून.

३. नळी कडक धातूची हवी, आतून गुळगुळीत. आमच्याकडे ड्रायरमागे चांदीच्या कागदासारखी चुण्यांची नळी होती. प्रत्येक चुणीत लव बसलेली. ती बदलली. मशीन भिंतीला इतकं चिकटवायचं नाही की नळी दबेल.

४. बाहेरची झडप मशीन चालू असताना पूर्ण उघडते का आणि बंद झाल्यावर मिटते का, ते बाहेर जाऊन पाहायचं. पक्षी येऊ नयेत म्हणून तोंडावर बारीक जाळी लावू नका. तिच्यावरच लव साठून नळी बंद होते. ड्रायरसाठी बनवलेलं, उघडून साफ करता येणारं पक्षीरोधक झाकण मिळतं, ते लावा.

५. झोपताना किंवा घराबाहेर जाताना ड्रायर चालू ठेवायचा नाही. हा नियम मोडायचा मोह मलाच सर्वांत जास्त होतो.

६. तळणीची, तेल पुसलेली फडकी ड्रायरमध्ये टाकायची नाहीत. धुतल्यावरही थोडं तेल राहतं आणि गरम कपड्यांच्या ढिगात ते आपोआप तापत जाऊन पेटू शकतं. ती फडकी उघडी पसरून वाळवायची.

७. ड्रायर गॅसवर चालत असेल तर तुंबलेल्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला वास नसतो. त्याची सूचना देणारं यंत्र झोपायच्या खोल्यांजवळ असू द्या.

नळी साफ झाल्यावर पहिल्यांदा मशीन लावलं, तेव्हा तेच टॉवेल पन्नास मिनिटांत कोरडे निघाले. दिवाळीला नवीन मशीन घ्यायची गरज उरली नाही.

माझ्या लहानपणी आजी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची आणि फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्याने हलकेच धुऊन ते पाणी त्याच विहिरीत सोडायची, म्हणजे जीव आपल्या जागी परत जातील. मला वाटायचं, गाळलं की झालं, एवढा खटाटोप कशाला? आता वाटतं, धर्म त्या खटाटोपातच होता. मुनिराज वस्तू उचलताना, ठेवताना आधी पाहतात, पिंछीने जागा हळुवार झाडतात. आपल्याला तेवढं जमणार नाही. पण बटण दाबण्याआधी पाहणं जमण्यासारखं आहे.

सफाईसाठी मी दिवसही ठरवला आहे. फाल्गुनातल्या अष्टाह्निकेच्या आधी. पक्षी जागा शोधायला लागण्यापूर्वी नळी साफ आणि झाकण घट्ट हवं. म्हणजे त्यांना आमच्या भिंतीत यावंच लागणार नाही आणि कुणाचं घर वाचवायचं हा प्रश्नच उभा राहणार नाही. पिल्लं वाचवण्यापेक्षा ती वेळ न आणणं ही जास्त साधी जीवदया आहे. तिचं कुणी कौतुक करत नाही, एवढंच.

जूनमध्ये आई सांगलीला परत गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या साड्या मशीनमध्ये टाकायला गेले. त्यांनी मला थांबवलं, स्वतः जाळी ओढून काढली, त्यावरची लव दोन बोटांनी गोळा केली आणि मग म्हणाल्या, "हं, आता लाव."

आज घरी गेलात की एकदा बाहेरून चक्कर मारून ती झडप पाहा. आणि काय दिसलं, ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.