तीन पावसाळे

मार्गशीर्षात आमच्या इमारतीला परांची चढली. भाईंदर पश्चिमेची ही जुनी सातमजली इमारत, खाऱ्या वाऱ्याने गिलावा सुटलेली. चार दिवसांत पोरांनी ती बांबूंनी वेढून टाकली. खिळा नाही, बोल्ट नाही. उभ्याला आडवा, आडव्याला तिरका, आणि प्रत्येक सांध्यावर दोरीचे करकचून आवळलेले वेढे. पाचव्या दिवशी सकाळी खिडकी उघडली, तर आमचे घर बांबूच्या बनात गेलेले.

आई मूळची कुडाळकडची. पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून तिचे जग या खिडकीपुरते उरले आहे. मला वाटले, उजेड अडला म्हणून ती कष्टी होईल. तिने ग्रिलमधून हात बाहेर काढला, बोटाच्या पेराने जवळच्या बांबूवर टकटक केले आणि कान दिला. मग शेजारचा वाजवला. "ह्यो अजून कवळो हा रे," ती म्हणाली. "आणि ह्यो बरो, जुनो."

ही विद्या तिच्या वडिलांची. आजोळच्या घरामागे माणग्याचे बेट होते. माणगा हा कोकणातला बिनकाट्याचा बांबू. वीस-तीस फूट उंच, मनगटाएवढा, आणि बुडाकडे जवळजवळ भरीव. कळकासारखी त्याला काट्यांची जाळी नसते, म्हणून माणूस बेटात शिरू शकतो. आजोबा शिरायचे. काठीवर कोयत्याची मूठ हलकेच आपटायची, आवाज ऐकायचा, पेराजवळचा रंग बघायचा, आणि मगच तोडायची की ठेवायची ते ठरवायचे. त्यांचा एकच नियम आईला पाठ आहे: "तीन पावस खाल्ल्याशिवाय काठयेक हात लावचो नाय."

त्या नियमाचे मर्म मला फार उशिरा कळले. आंबा-फणसाचे खोड वर्षावर्षाला जाड होत जाते. बांबूचे तसे नाही. पावसाळ्यात कोंब जमिनीतून वर येतो तोच आपली आयुष्यभराची जाडी घेऊन. दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंचीला पोचतो. त्यानंतर तो ना जाड होतो, ना उंच. पुढची तीन वर्षे तो फक्त आतून घट्ट होत राहतो. आकाराने पहिल्या वर्षाची काठी आणि तिसऱ्या वर्षाची काठी सारखीच. फरक कळतो तो पेराजवळच्या रंगात आणि आवाजात. म्हणून ती टकटक.

बेटाला जपण्याचीही रीत होती. पावसात आत जायचे नाही, कारण कोंब काचेसारखा मोडतो. तोड दिवाळीनंतर, अंधाऱ्या पंधरवड्यात. बेट एका बाजूने उघडत जायचे, घोड्याच्या नालेच्या आकारात, म्हणजे मधल्या जुन्या काठ्या काढता येतात आणि कडेची नवी पिढी शाबूत राहते. घाव पहिल्या पेराच्या किंचित वर, खाली पाणी साचून कंद कुजणार नाही असा. तोडलेल्या काठ्या काही दिवस व्हाळात बुडवून ठेवायच्या. बांबूतला गोडवा पाण्यात उतरून गेला की भुंगा त्याकडे फिरकत नाही. आजोबांना स्टार्च हा शब्द माहीत नव्हता, पण ते काठीतला नेमका तोच कमी करत होते.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती वेगळीच गोष्ट. बांबूच्या पुष्कळ जाती कित्येक दशकांनी एकदाच फुलतात, सगळ्या मिळून फुलतात, आणि बी टाकून मरतात. मिझोराममध्ये 1959 साली असा फुलोरा आला, बियांवर उंदीर माजले, त्यांनी शेते खाल्ली आणि दुष्काळ पडला. माणग्याचा स्वभाव निराळा. तो तुरळक फुलतो आणि त्याला बी जवळजवळ धरतच नाही. नवे बेट हवे तर कुणाच्या तरी बेटातला कंद खणून आणावा लागतो, किंवा डोळा असलेली काठी लावावी लागते. म्हणजे कोकणातल्या प्रत्येक परसातला माणगा हा कुणीतरी कुणालातरी दिलेला आहे. आमच्या आजोळचे बेट आईच्या आजीने लग्नानंतर माहेरून आणलेल्या कंदाचे. संस्कृतात बांबूलाही वंश म्हणतात आणि घराण्यालाही. आमच्या घरी तो वंश एका सुनेच्या कमरेवरच्या टोपलीतून आला.

याच गवताला (बांबू हे गवतच) आपल्या कायद्याने नव्वद वर्षे झाड मानले. 1927च्या वन कायद्यातली ती व्याख्या 2017 साली बदलली, आणि तीही वनाबाहेरच्या बांबूपुरती. त्याआधी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलातल्या बांबूवरचा हक्क मिळवला होता. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडले. आपल्या रानातली काठी आपण विकायची, एवढ्या साध्या गोष्टीसाठी किती वर्षे. ती तारीख वाचताना माझा गळा आजही दाटून येतो.

माघातल्या एका रविवारी मी उत्तनला गेलो. भाईंदर स्टेशनाबाहेरून बस मुर्धा, राई, मोर्वा करत जाते. एका बाजूला खारफुटी, एका बाजूला मिठागरांच्या उरलेल्या चौकटी. डोंगरी मागे पडली की वास आधी येतो आणि मग मासळी सुकवायची वलांडी दिसते. रोवलेल्या बांबूंच्या रांगा, त्यांना बांधलेल्या आडव्या दोऱ्या, आणि त्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, दोन्हीकडे एकेक लोंबकळता. एक कोळीण बोलता बोलता इतक्या झरझर जोड्या लावत होती, की मला तिची बोटे दिसतच नव्हती. मी विचारले, लोखंडी पाइप का नाही घालत? ती म्हणाली, खारं पाणी लोखंडाला खातं, आणि बांबू वाऱ्यात वाकतो. मग काम न थांबवता म्हणाली, अवकाळी पाऊस आला की मात्र बांबू काय करणार, माल सगळा कुजतो. मासळीच्या टोपल्या आता प्लॅस्टिकच्या झाल्यात. वलांडी अजून बांबूची आहे.

टोपल्या गेल्या त्याचे दुःख मला आहे आणि मी ते लपवत नाही. सूप, रोवळी, दुरडी, परडी, हारा, कणगी, कोंबड्या झाकायचे डालगे, पावसातले इरले: एकेका शब्दामागे एकेक वीण होती, आणि त्या विणीमागे बुरुडाची बोटे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांमध्ये मेदार केतय्या होते, टोपल्या विणणारे. बुरूड त्यांना आपले मानतात. ज्या पात्याने कळक उभा चिरून कागदासारखी कामटी निघते ते पाते धरायला किती वर्षे लागत असतील? आईकडे अजून एक रोवळी आहे. तांदूळ धुतले की पाणी तिच्यातून जसे निथळते तसे स्टीलच्या चाळणीतून निथळत नाही, असे आई म्हणते आणि मला ते पटते.

फाल्गुनात रंगकाम संपले. परांची वरून खाली उतरू लागली. तीन महिने ती पोरे आमच्या खिडकीबाहेरून ये-जा करत होती. आई त्यांना ग्रिलमधून चहा द्यायची, आणि तिची मालवणी व त्यांची हिंदी यांचे कुठे अडले नाही. शेवटच्या दिवशी तिने त्यांच्याकडे एक काठी मागितली, पाडव्याला. दोघे जण चांगली सरळ, नवी दिसणारी घेऊन दारात आले. आईने ती वाजवली आणि मान हलवली. ते पुन्हा खाली गेले, दुसरी आणली. तिच्यावर आमच्या भिंतीचा पिवळा रंग ओघळला होता आणि दोरीचे वळ उमटले होते. आईने कान लावून दोनदा टकटक केले.

"ही," ती म्हणाली.

पाडव्याला आम्ही काठी धुतली. रंग निघाला नाही. आईने त्यावरच हळदीकुंकू लावले, रेशमी खण बांधला, कडुलिंबाची डहाळी आणि गाठी घातल्या, वर तांब्या पालथा ठेवला, आणि मी ती काठी मोकळ्या झालेल्या खिडकीतून उभी केली.